हॅम (हौशी) रेडिओचं लायसन्स मिळालं, एचएफ (शॉर्टवेव्ह) सेटही आला, पण ऐकू येतं ते सगळं बदकाच्या आवाजात आणि पीटीटी (बोलण्यासाठी दाबायचं बटण) दाबायची भीती वाटते, काय करू?

अहो सेट बिघडलेला नाहीये, आधी मोड बघा. 10 मेगाहर्ट्झच्या खाली एलएसबी (लोअर साइडबँड) आणि वर यूएसबी (अपर साइडबँड), हा सगळ्या हॅम लोकांचा रिवाज आहे, 40 मीटर बँडवर (आपल्याकडे 7.000 ते 7.200 मेगाहर्ट्झ) चुकून यूएसबी लागलं असेल तर कितीही डायल फिरवा, एक शब्द कळणार नाही. मोड बरोबर असेल तर डायलची स्टेप 10 हर्ट्झवर घ्या आणि अगदी हळू फिरवा, बदकाचा माणूस होतो त्या जागी थांबायचं. हे कानाला बसायला मला तरी पंधरा दिवस लागले, रोज सकाळी चहा घेत नुसतं ऐकायचो.

आरआयटी नावाचं बटण असेल त्याच्यापासून जपून. त्याने फक्त तुमचं ऐकणं सरकतं, बोलणं आहे तिथेच राहतं, म्हणजे समोरचा थोडा बाजूला असेल तेव्हा कामाचं आहे पण काम झालं की बंद करायचं. माझं चालूच राहिलं होतं, दोन दिवस मी कॉल देतोय आणि कोणी धड उत्तर देईना, शेवटी एक काका म्हणाले "ओएम, आता बदक तुम्ही झालात, आरआयटी बघा". (ओएम म्हणजे ओल्ड मॅन, इथे विशीतला पोरगा पण ओएमच.)

अँटेना न जोडता पीटीटी अजिबात दाबू नका, सेटचे फायनल (शेवटी पॉवर वाढवणारे) ट्रान्झिस्टर उडू शकतात. गच्चीवर साधा डायपोल (दोन सारख्या वायरींची अँटेना) पुरतो, एकूण लांबी मीटरमधे 143 भागिले मेगाहर्ट्झमधली फ्रिक्वेन्सी, म्हणजे 7.1 ला साधारण 20 मीटर वायर, मधोमध कोॲक्स केबल. वायर थोडी जास्तच ठेवा आणि एसडब्ल्यूआर (अँटेना किती जुळली त्याचं माप) बघत दोन्ही टोकं सारखी कापत या, 1.5 च्या आत आला की बास. हे सगळं कमी पॉवरवर हं. माइक गेन पण फुल नको, एएलसीचा (पॉवर मर्यादेत ठेवणाऱ्या सर्किटचा) काटा त्याच्या पट्टीतच हलला पाहिजे, नाहीतर शेजारच्या फ्रिक्वेन्सीवाले ओरडतात.

भीतीचं म्हणाल तर थेट सीक्यू (कोणीही उत्तर द्या अशी हाक) देऊ नका. सकाळच्या एखाद्या नेटवर (ठरल्या वेळी एकाच फ्रिक्वेन्सीवर जमणारा गट) नेट कंट्रोल म्हणजे तो चालवणारा चेक-इन (हजेरी) मागतो तेव्हा मधे गॅप पडते, तिथे नुसता कॉलसाइन (लायसन्सवरची तुमची ओळख) फोनेटिकमधे सांगा, म्हणजे व्हीयू3 साठी व्हिक्टर युनिफॉर्म थ्री वगैरे, आणि पीटीटी सोडा. तो सिग्नल रिपोर्ट (तुम्ही कसे ऐकू येताय ते) देईल, तुम्ही त्याला द्या, नाव आणि क्यूटीएच (ठिकाण) सांगा, 73 (शुभेच्छा) म्हणा, झालं. नाव आणि गाव कागदावर लिहून समोर ठेवा, हसू नका, पहिल्या वेळी मी स्वतःचं गाव विसरलो होतो.