आधी माणसं कशी फिरतात ते बघ

टॉवरशिवाय, फिरत्या उपकरणांनी एकमेकांमार्फत निरोप पोचवायच्या नेटवर्कसाठी एओडीव्ही घेऊ की डीएसआर (मार्ग शोधायच्या दोन पद्धती), हा तुझा प्रश्न जरा बाजूला ठेव. आधी तुझे नोड, म्हणजे माणसांजवळची ती उपकरणं, कसे फिरतात ते सांग. नवीन पोरं संगणकावर चाचणी घेताना डोळे झाकून 'रँडम वेपॉइंट' हे फिरण्याचं मॉडेल घेतात: कुठलाही बिंदू निवडायचा, सरळ जायचं, थांबायचं, पुन्हा निवडायचा. त्यात नोड मैदानाच्या मधोमध गोळा होतात. किमान वेग शून्य ठेवलास तर सरासरी वेगही घसरत जातो. हे 2003 सालीच दाखवून दिलंय.

पण आपल्या बीड-अंबाजोगाईकडं असं कोण फिरतं? माणूस फाट्यावर येतो, एसटीनं तालुक्याला जातो, संध्याकाळी परततो. आठवडी बाजाराला दहा गावं भेटतात, एरवी दोन गावांची गाठ पडत नाही. तिथं सलग मार्ग शोधणारा एओडीव्ही सारखा तुटणार. त्यापेक्षा पुढची भेट होईपर्यंत निरोप जवळ ठेवणारा प्रोफेट बघ; तो आरएफसी 6693 या इंटरनेट तंत्राच्या दस्तऐवजात आहे. कोण कोणाला किती वेळा भेटलं यावरून तो पुढच्या भेटीची शक्यता काढतो. भेट झाली नाही की ती कमी होत जाते. किती वेगानं कमी करायची, इथंच खरं डोकं लाव. बाजार सात दिवसांनी भरतो. तासाभरात आठवण पुसलीस तर त्या भेटीचा काय उपयोग? आणि दिवाळीच्या आसपास ऊसतोड कामगार कारखान्यांकडं निघतात, तेव्हा गावाची सगळी घडीच बदलते. तो हंगाम वेगळा धर.

एसटीचं वेळापत्रक मिळव, एक दिवस स्टँडवर बसून नोंदी कर. माणसांची नावं मात्र लिहू नकोस.