ऑफिसच्या एसीत बायकांनाच जास्त थंडी का वाजते, की नुसते नखरे?

नखरे नाहीत हो. ऐरोलीला आमच्या ऑफिसात एसी कायम 21 वर, बाहेर ठाणे-बेलापूर रोडवर घामाच्या धारा आणि आत मी मे महिन्यात शाल गुंडाळून बसलेली, चहाचा कप प्यायला कमी आणि हात शेकायला जास्त, अन् शेजारचा हाफ शर्टात मजेत!

स्नायू बसल्या बसल्याही उष्णता तयार करतात आणि टेस्टोस्टेरॉन या हार्मोनमुळे पुरुषांत ते सरासरी जास्त असतात. आपल्यात गारठा लागला की हातापायांच्या रक्तवाहिन्या पटकन आखडतात, म्हणून बोटं आधी गार. पाळीच्या आधीच्या दोनेक आठवड्यांत प्रोजेस्टेरॉन या हार्मोनमुळे अंगाचं तापमान 0.3 ते 0.5 अंशांनी वर जातं, म्हणजे शरीराला ऊबही जास्त हवी असते, तेव्हा तर मला तोच एसी आणखी बोचतो.

गंमत म्हणजे ऑफिसचं तापमान ठरवायचं गणितच 1960 च्या दशकातलं, त्यात 40 वर्षांचा, 70 किलोचा पुरुष धरलेला. 2015 मध्ये नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्तच्या संशोधकांनी दाखवलं की त्यात बायकांच्या शरीरात तयार होणारी उष्णता उगाच जास्त धरली जाते.

अर्थात हे सगळं सरासरीचं. आमच्या टीममधला एक काडीपैलवान रोज माझ्या शालीकडेच बघत असतो.