वांग्याची झाडं हिरवीगार असतानाच मान टाकतात. हा बॅक्टेरियाचा मर रोग आहे हे कसं ओळखायचं?

तुम्ही सांगता तसं, गोव्यातल्या आगशीच्या तुमच्या मळ्यात बुरशीनाशक मारूनही फरक पडला नाही, पानं पिवळी न पडताच झाड एक-दोन दिवसांत कोमेजतं, म्हणजे संशय राल्स्टोनिया सोलॅनासिरम या जिवाणूवर जातो. अमेरिकी वनस्पतिरोगतज्ज्ञ एर्विन स्मिथने 1896 मध्ये वर्णन केलेला हा जिवाणू मातीतून मुळांत शिरतो आणि पाणी वाहणाऱ्या नळ्या चिकट द्रवाने बुजवतो. बुरशीनाशकाचा त्याच्यावर काही उपयोग नाही, ते पैसे वाचवा.

घरी करण्यासारखी चाचणी: नुकतंच कोमेजलेलं झाड घ्या (पूर्ण मेलेलं नको, त्यात कुजवणारे भलतेच जिवाणू वाढलेले असतात). जमिनीलगतचा खोडाचा तुकडा स्वच्छ सुरीने कापून काचेच्या ग्लासात निवळ पाण्यात उभा टांगा, हलवू नका. काही मिनिटांत कापातून दुधाळ धागे खाली उतरले तर मामला जिवाणूचा. फ्युजेरियम बुरशीच्या मर रोगात असे धागे सुटत नाहीत.

पक्कं निदान मात्र प्रयोगशाळेतच. टेट्राझोलियम हे रसायन घातलेल्या, जिवाणू वाढवायच्या माध्यमावर त्याच्या मधोमध गुलाबी, कडेने पांढऱ्या, ओघळणाऱ्या वसाहती (जिवाणूंचे ठिपके) येतात, मग पीसीआर, म्हणजे डीएनएवरून जिवाणू ओळखणारी चाचणी. संशोधनात याच्यापुढे जाऊन तो जिवाणू निरोगी रोपात टोचतात, रोग उमटला की त्यातून पुन्हा वेगळा करतात. जुने गोवें इथल्या आयसीएआरच्या (भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या) संस्थेत विचारून बघा.

तोवर रोगट झाडं मुळासकट उपटून जाळा, त्या वाफ्याचं पाणी दुसरीकडे जाऊ देऊ नका आणि तिथे टोमॅटो-मिरची अजिबात नको, तीही याच्याच तावडीत सापडतात.