बावट्याचा नंबर वाढला म्हणजे वादळ वाढलं असं समजायचं का?

'बंदरावर तीन नंबरचा बावटा (वादळाच्या इशाऱ्याची खूण) लागला' ही बातमी वाचून तुम्ही विचारलंय की हा आकडा वादळाचा जोर सांगतो का, आणि ११ नंबर म्हणजे सगळ्यात भयंकर का.

नाही. पण मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. आमचं घर मासेमारीवर चालणारं. बावटा लागला म्हटलं की वडील एवढंच विचारायचे, "कितवा?" आणि होडी खाडीत घ्यायची की नाही ते ठरवायचे.

१ आणि २ हे बंदरातून बाहेर पडणाऱ्या जहाजांसाठी असतात. वादळ लांब समुद्रात आहे, बंदराला लगेच धोका नाही. ३ लागला की खुद्द बंदरावर सोसाट्याचा वारा येणार. म्हणजे २ च्या वेळचं वादळ ३ च्या वेळच्यापेक्षा मोठंही असू शकतं, फक्त ते दूर असतं. लहान बंदरांवर सगळे ११ लावत नाहीत, मोजकेच लावतात. ३ त्यांतला एक, म्हणून तो सारखा कानावर येतो.

खरी गंमत ५, ६, ७ मध्ये आहे. तिन्हींत वादळ सारखंच धरलेलं असतं. ५ म्हणजे बंदर वादळाच्या वाटेच्या डाव्या हाताला राहणार, ६ म्हणजे उजव्या हाताला, ७ म्हणजे वादळ बंदरावरून किंवा अगदी जवळून जाणार. ८, ९, १० मध्ये क्रम हाच, वादळ मात्र अधिक तीव्र. डाव्या-उजव्याला एवढं महत्त्व का? आपल्याकडे चक्रीवादळाचे वारे घड्याळाच्या उलट फिरतात. उजव्या हाताला वाऱ्याच्या वेगात वादळाच्या चालीची भर पडते, आणि आपल्या किनाऱ्यावर आदळणाऱ्या वादळात त्याच बाजूला वारा समुद्राकडून आत घुसतो, पाणी चढवतो. ३ जून २०२० ला 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकून ईशान्येकडे गेलं. मुंबई डाव्या हाताला होती, बरीचशी वाचली. उजव्या हाताच्या दापोली-मंडणगडात नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या.

आणि ११? इशारा देणाऱ्या केंद्राशी संपर्कच तुटला, असा त्याचा अर्थ. वादळ किती मोठं, हे तो सांगत नाही.

मोबाइलवर येणारे पिवळा, नारिंगी, लाल हे इशारे वेगळे. लक्ष ठेवा, तयारीत राहा, कृती करा, असा त्यांचा चढता अर्थ आहे. बावट्यासारखा दिशेचा हिशोब त्यांत नसतो.

तुमच्या घरचं कुणी मासेमारीला जात असेल तर एक गोष्ट कळकळीने सांगतो. बावटा दिसतो तो बंदरातून. नोव्हेंबर २००९ मध्ये 'फयान' चक्रीवादळ आलं तेव्हा कोकणातल्या कितीतरी बोटी आधीच खोल समुद्रात होत्या, आणि त्यांतले बरेच जण परतले नाहीत. निघण्याआधी बोटीवरचा वायरलेस चालू आहे का, हे तांडेलाला (बोटीच्या प्रमुखाला) स्वतः विचारा.