घड्याळावर जिंकलास, त्याबद्दल

ऑनलाइन बुद्धिबळात समोरच्याचा वेळ संपला आणि तू जिंकलास, यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही. घड्याळ हा डावाचाच भाग. फक्त जिंकल्यावर चॅटमध्ये चिडवायचं नाही.

नेट तुटणं मात्र वेगळं. लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवर समोरचा गायब झाला की थोड्या वेळाने तीन पर्याय दिसतात: विजय घे, बरोबरी कर किंवा थांब. नवीन मुलं पहिलं बटण लगेच दाबतात. तसं करू नकोस. जुलैत दापोलीला धो धो पाऊस, लाईट गेलेली, मोबाईलला रेंजची एकच कांडी. चार मिनिटांनी मी कसाबसा परत आलो तर समोरचा थांबलेला. तो डाव मी हरलो, पण त्या माणसाशी आजही खेळतो. नियमाने तू ते बटण दाबू शकतोस; डाव रंगात असेल तर थोडं थांब, एवढंच माझं म्हणणं.

सुरुवातीला हे सांभाळ:

- दहा मिनिटं आणि दर खेळीला पाच सेकंद जादा, असे डाव खेळ. घड्याळाची भांडणं निम्मी मिटतात.
- तुझा नुसता राजा उरला असेल तर समोरच्याचा वेळ संपूनही बरोबरीच होते. तक्रार करत बसू नकोस.
- हत्तीसमोर हत्ती, प्यादी संपलेली, तर बरोबरी विचार. उगाच घड्याळ पळवू नकोस.

आणि आभाळ भरून आलं असेल तर रेटिंगचा, म्हणजे हार-जितीवर गुण वर-खाली होणारा, डाव सुरूच करू नकोस.