पश्चिमेच्या भिंतीला कपाट नको (गुहागरच्या खोलीबद्दल)

गुहागरच्या खोलीत कपाट लावण्याबद्दलची तुमची पोस्ट वाचली आणि आमचीच खोली डोळ्यांसमोर आली. तुमचं चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं जुनं घर, १० बाय ११ची खोली, पश्चिमेला बाहेरची भिंत आणि तिलाच चिकटवून ७ फूट उंच, तीन दारांचं रेडिमेड कपाट घ्यायचा बेत. आम्ही नेमकं हेच केलं होतं, फक्त वेंगुर्ल्यात. मापं तुम्ही घेतली असतीलच, त्यात शिरत नाही. दाराची उंची तेवढी मोजा. जुनी दारं ठेंगणी असतात, कपाट ओटीवरच अडकतं.

आमचं कपाट मे महिन्यात आलं. दुकानदार म्हणाला, 'मॉइश्चर रेझिस्टंट आहे, पावसाची काळजी नको.' टेम्पोतून उतरवताना आमच्या मेस्त्रींनी तळाची कड नखाने खरवडली आणि म्हणाले, "ह्यां भुशाचां कपाट, पावसात फुगतलांच." मला राग आला. स्वतःचं काम गेलं म्हणून बोलतायत असं वाटलं.

गणपतीच्या आदल्या आठवड्यात साड्या काढायला गेले तर खालचा खण हलेना. जोर लावला तर दर्शनी फळीच हातात आली, स्क्रूच्या भोकांतून ओला भुसा सांडला. तळाची कड चहात बुडवलेल्या टोस्टसारखी फुगलेली, वरची पट्टी सुटून लोंबत होती. कपाट पुढे ओढलं तर मागची फळी बुरशीने पांढरी, सासूबाईंच्या पैठणीवर काळे ठिपके. ते अजून गेलेले नाहीत.

दुकानाला फोन केला. आधी 'फोटो पाठवा', मग 'इन्स्पेक्शनला माणूस येईल', शेवटी 'ओल वॉरंटीत बसत नाही'. बरं, तो माणूस आलाच नाही! कोकणात दुकान मांडून बसता आणि ओल वॉरंटीत नाही? असो.

चूक कपाटाची निम्मी, जागेची निम्मी. पाऊस इथे नैर्ऋत्येकडून वाऱ्यावर झोडपतो. जांभा दगड सच्छिद्र, पाणी पितो आणि सावकाश सुकतो. कपाट टेकवलं की मधली हवा कोंडते. जुनी माणसं त्या अंगाला पावसाआधी माडाचे झाप लावत आणि कपडे माजघरातल्या पेटीत ठेवत, ते उगीच नाही.

मी इंटिरिअरवाली नाही, बँकेत नोकरी करते, तेव्हा हे एका घराचं शहाणपण समजा. कपाट समोरच्या, माजघराकडच्या भिंतीला ठेवा, तेही ३ इंच सोडून. ३ दारांचा हट्ट सोडा, ३ फूट रुंदीचं दोन दारी पुरे. पलंग ५ फुटी घेऊन पश्चिमेच्या भिंतीपासून अर्धा फूट दूर, तिला समांतर टाका. १० फुटांच्या बाजूत, कपाट २ फूट खोल धरलं तरी मध्ये सव्वादोन फूट उरतात, दीड फुटाचं दार आरामात उघडतं.

प्लाय घ्याल तर आयएस ७१०चा (मरीन प्लायचा) शिक्का बघून घ्या. एमआर, म्हणजे दुकानदाराचं ते 'मॉइश्चर रेझिस्टंट', दमट हवेपुरतं, साचलेल्या ओलीसाठी नाही. कापलेली प्रत्येक कड सील करून घ्या, मागची न दिसणारी सुद्धा. सुतार तीच सोडतात. खाली ४ इंचांचे पाय हवेत, पायांखाली कडाप्पाचे तुकडे. बिजागऱ्या ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलच्या, नाहीतर खाऱ्या हवेत वर्षभरात गंजाचे ओघळ येतात. बॉक्सच्या पलंगाला माझा ठाम विरोध आहे. आत गाद्या भरायच्या आणि दिवाळीत कुबट वासासकट काढायच्या. कुणाला चालत असेलही, माझ्या घरात नाही. आणि कपाटात झिरोचा बल्ब लावायची जुनी युक्ती कुणी सांगेल, पण एलईडी लावून उपयोग नाही, तो तापत नाही.

घरात जुना फणसाचा दिवाण किंवा सागाची दारं पडून असतील तर मोडीत घालू नका. आम्ही शेवटी त्याच मेस्त्रींना बोलावलं. पडवीत पडलेल्या जुन्या दारांची झडपं लावून त्यांनी नवं कपाट केलं आणि मागे फळीऐवजी बोटभर फटी ठेवून पट्ट्या मारल्या. ते पाचवा पावसाळा बघतंय. भुशाच्या कपाटाचा आरसा तेवढा शाबूत होता, तो ओटीवर टांगलाय. मेस्त्री आले की त्यातच बघून केस विंचरतात.