परत मागवलेल्या मेणबत्त्या लाईट गेल्यावर तेवढ्यापुरत्या लावल्या तर चालतील का?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: भावाने अमेरिकेहून काचेच्या बरणीतल्या सहा सुगंधी मेणबत्त्या आणल्या. आता आगीच्या धोक्यामुळे कंपनीने त्या परत मागवल्यात. चार तुमच्याकडे फोंड्याला आहेत, दोन आईने शेजारी दिल्यात. पावसात लाईट जाते तेव्हा समोर बसून, लक्ष ठेवून लावल्या तर काय बिघडलं?

लावू नका. एकही नाही.

मी म्हापशात घरी मेणबत्त्या करते, खुरसापुढे, म्हणजे क्रॉसपुढे, लावायच्या साध्या आणि बरणीतल्याही. त्यामुळे ‘लक्ष ठेवून’ या शब्दांवर मला जरा थांबावंसं वाटतं. पडद्याजवळची मेणबत्ती लक्ष ठेवून सांभाळता येते. पण वस्तूच चुकीची बनली असेल तर नुसतं बघत बसून ती चूक सुधारत नाही.

मेणबत्तीत खरं तर मेणाची वाफ जळते. मेण वितळतं, वातीतून वर चढतं, तिथे त्याची वाफ होते आणि ती पेटते. वात जाड असली की ती जास्त मेण ओढते आणि ज्योत वाढते. म्हणून बरणीची रुंदी, मेणाचा प्रकार आणि वात यांचा मेळ जमवायला मला एकेका नव्या बरणीमागे कित्येक संध्याकाळी जाळाव्या लागतात. तो मेळ चुकला की काच नको तेवढी तापते. एकाच बरणीत दोन-तीन वाती जवळजवळ असतील तर त्या एकमेकींना तापवतात, आणि कधी कधी वितळलेल्या मेणावरच सगळीकडे जाळ धरतो. अशा वेळी पाणी मात्र ओतायचं नाही! पाणी मेणापेक्षा जड, ते खाली जातं, तिथे त्याची क्षणात वाफ होते आणि ती वाफ जळतं मेण अंगावर उडवते. वर स्टीलचं ताट सपाट झाकायचं आणि पूर्ण थंड होईपर्यंत हात लावायचा नाही. जाळ बाहेर पसरला तर घरातल्यांना बाहेर काढून १०१ ला फोन.

काचेची गोष्ट वेगळी. एक बाजू जास्त तापली की ती जास्त फुगते, दुसरी बाजू तेवढी फुगत नाही, आणि काच तडकते. कारखान्यात ती नीट, सावकाश थंड केली नसेल तर आत आधीच ताण असतो, मग थोडंसं निमित्त पुरतं. आपल्याकडे हे निमित्त हमखास घडतं. लाईट जाते, आपण मेणबत्ती लावतो, पंख्याचं बटण चालूच राहतं. लाईट आली की पंखा भरधाव फिरायला लागतो आणि ज्योत सरळ काचेवर झुकते.

२०१८ च्या नाताळात माझ्यावर हे बेतलं. त्या वर्षी नव्या पुरवठादाराकडून बरण्या घेतल्या होत्या. त्यातल्या ६० मेणबत्त्या विकल्या गेल्या. पर्वरीच्या एका गिऱ्हाईकाचा फोन आला, बरणी तळाशी तडकली, मेण टेबलक्लॉथवर सांडलं आणि कापडाने पेट घेतला. ती बाई दोन हातांच्या अंतरावरच बसली होती. तिने आणि तिच्या मुलाने जाड गोधडी टाकून ती आग विझवली. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवसापासून एकेकाला फोन करून पैसे परत देत बरण्या गोळा केल्या. ४३ आल्या. बाकीच्या नाताळच्या नेवऱ्या-दोदोल अशा गोडाच्या ताटाबरोबर कुणाकुणाकडे गेल्या होत्या आणि तिथून आणखी पुढे. माझं विकत घेणारं गिऱ्हाईक मला माहीत होतं, पण ज्याच्या घरी बरणी प्रत्यक्ष पेटणार होती तो माणूस नाही. कंपनीची सूचनाही अशीच अडते.

पैशांचं सोपं आहे. बरणीच्या तळाशी किंवा चिठ्ठीवर बॅच क्रमांक असतो, त्याचा फोटो भावाला पाठवा आणि सूचनेत दिलेल्या पत्त्यावर त्याला परतावा मागू द्या. कंपनी काय सांगते ते कळेपर्यंत बरण्या फेकू नका. नंतर टाकताना वात मुळापासून कापून काढा, म्हणजे कचऱ्यातून कुणी उचलली तरी लावता येणार नाही. मेण वितळवून दुसऱ्या मेणबत्त्या करायचा विचार असेल तर तोही सोडा. चुलीवर मेणाला पाण्यासारखी उकळी येत नाही, ते गुपचूप तापत जातं आणि पेटतं.

हीच वस्तू इथे विकत घेतलेली असती तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार करता आली असती. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २० नुसार धोकादायक माल परत मागवायचा आदेश द्यायचा अधिकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला आहे. म्हणून बिल आणि वेष्टन जपून ठेवायची सवय असू द्या.

लाईट जाते तेव्हासाठी चार्जिंगचा दिवा घ्या. मेणबत्ती विकणारी बाई हे सांगतेय, पण उजेडासाठी तोच बरा.

आणि शेजारी दिलेल्या त्या दोन. दिलेली वस्तू परत मागायला आईला अवघड वाटेल, म्हणून तुम्ही स्वतः जा. कारण सांगा, बदल्यात दुसरं काहीतरी घेऊन जा. पण आजच जा, रात्री लाईट जायच्या आधी.